खुंटीवरचा रुमाल

आमच्या बेळगावात फोटोग्राफरला बोलावणं यायचं ते एक तर लग्नाचं, नाही तर मयताचं. लग्नात कोणी हलायचं थांबत नाही आणि मयताच्या घरी ज्याचा फोटो काढायचा तो हलत नाही, त्यामुळे खरं सांगायचं तर दुसरं काम मला जास्त सोपं वाटायचं. रिकाम्या खोलीचा फोटो काढायला मात्र मला आयुष्यात एकदाच बोलावलं, आणि ती खोली माझ्या वडिलांची होती.

स्वातंत्र्य यायच्या आदल्या थंडीतली ही गोष्ट. लढाई संपली होती, पण फोटोच्या काचेच्या प्लेटा अजून मिळता मिळत नव्हत्या. अशात एके दिवशी वाचनालयाचे चिटणीस धापा टाकत माझ्या स्टुडिओचा जिना चढून आले. निवृत्त मास्तर माणूस. जुन्या वस्तू जमवायचा त्यांना नाद, आणि त्या नादाला वाचनालयाची मागची लांबलचक पडवी मिळाली होती. तिला ते संग्रहालय म्हणत. शहापूरच्या एका विणकराकडून मोडका माग आणून त्यांनी तिथे मांडला होता, खानापूरकडची भाताची कणगी होती, गंजक्या तलवारी तर हव्या तेवढ्या. आता एका टोकाला फळ्यांचा आडोसा करून त्यांनी 'आपल्या गावचा जुना दवाखाना' उभा केला होता. त्याचा फोटो त्यांना वाचनालयाच्या पुस्तिकेत छापायचा होता.

सामान सगळं आमचं. म्हणजे माझ्या वडिलांचं, आप्पांचं. आप्पा श्रावणात गेले आणि दिवाळीच्या आत मी सगळं उचलून देऊन मोकळा झालो. मोकळा झालो हे आपलं म्हणायचं.

दवाखाना रस्त्याकडच्या खोलीत होता आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. आई माझ्या कॉलेजच्या वयात गेली. माझ्या लग्नाचं दोनदा जमत आलं आणि दोनदा फिसकटलं, त्यानंतर आप्पांनी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. दोन पुरुष एका घरात राहिले की बोलणं मिठासारखं वापरलं जातं. 'आमटी तापवली आहे', 'छत्री घेऊन जा', 'येतो'. मी डॉक्टर झालो नाही याचं त्यांना वाईट वाटलं असणार, पण तेही त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

आप्पांचा एक रिवाज होता आणि तो पार चिकोडीपासून जांबोटीपर्यंतच्या पेशंटांना पाठ होता. ते डोक्याला पांढरा रुमाल बांधत. एकदा नीट बांधला की चार दिवस तसाच बसायचा. बाहेरून आले की उचलून दाराजवळच्या खुंटीवर अडकवायचे. खुंटीवर रुमाल दिसला की डॉक्टर आत आहेत असं समजायचं. जेवत असतील, संध्येला बसले असतील, डोळा लागला असेल. बाकावर बसून राहायचं, हाक मारायची नाही. रुमाल नसला तर व्हिजिटला गेलेत, केव्हा येतील नेम नाही, घाई असेल तर दुसरा डॉक्टर गाठायचा. पेशंटांच्या हाकांनी आप्पा एकदा भरल्या ताटावरून पुन्हा पुन्हा उठले, तेव्हा माझ्या आईने हा कायदा केला म्हणे. आई गेली, कायदा राहिला. मलाही त्यातून सूट नव्हती. शाळेतून आलो की आधी खुंटीकडे बघायचो आणि रुमाल असला तर पायांचा आवाज न करता आत जायचो.

आप्पा गेल्यावरही रुमाल खुंटीवरच राहिला. काढणार कोण? संध्याकाळी स्टुडिओ बंद करून घरी यायचो, दार उघडायचो, आणि सवयीने नजर तिकडे जायची. एक क्षण वाटायचं, आहेत आत. तो क्षण बरा असायचा. त्याच्या पुढचा मात्र सोसत नव्हता. रोज संध्याकाळी एकदा बाप मेल्याचं नव्याने कळायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून चिटणीसांनी टेबल-खुर्च्यांबद्दल विचारलं तेव्हा मी म्हटलं, खुंटीही उपटून न्या. जागा भाड्याची होती, ती मालकाने शिवणयंत्रवाल्याला दिली, आणि मी स्टुडिओच्या वरच्या खोलीत राहायला गेलो.

गाव भेटायला आलं नव्हतं असं नाही. आलं, आणि रीघ लावून आलं. पण आलेला जो तो आपापलं दुखणं रडून गेला. 'आता माझ्या गुडघ्याचं कसं हो?' 'आमच्या सुनेचं बाळंतपण आता कोण बघणार?' मला राग यायचा, पण कुणाला बोलणार? समाचाराला आलेला माणूस पहिल्यांदा 'कसं झालं?' म्हणून विचारतो, ती आपल्याकडची रीत आहे. मला ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. आप्पा गेले तेव्हा अर्धी आळी बाकावरच बसलेली होती. त्यामुळे 'आप्पा गेले' हे दोन शब्द मला एकदाही तोंडाने म्हणावे लागले नव्हते. आणि मी ते म्हटलेही नव्हते, अगदी स्वतःशीसुद्धा.

तर ठरल्या दिवशी दुपारी कॅमेरा, तिपाई आणि उरलेल्या दोन प्लेटा घेऊन मी वाचनालयात गेलो. शिपायाने सकाळीच फिनेलने फरशी पुसून घेतली होती. आडोशाच्या आत पाऊल टाकलं आणि आप्पांच्या दवाखान्याचाच तो वास नाकात गेला तसा मी उंबऱ्यातच थांबलो. चिटणीसांनी काम नेटकं केलं होतं, नाही म्हणायला जागा नाही. टेबल, गोल पाठीची खुर्ची, काचेच्या कपाटात टिंक्चरच्या बाटल्या, डोस कळावेत म्हणून कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली मिक्श्चरची एक बाटली, भिंतीला लागून पेशंटांचा बाक. दाराबाहेर निळ्या पत्र्याची पाटी. दाराच्या डाव्या हाताला खुंटी, आणि खुंटीवर रुमाल. टेबलावर मात्र एक भलामोठा पितळी खल होता.

"हा खल आमचा नव्हे," मी म्हटलं. "हा कुणा वैद्याचा आहे."

"असू द्या हो," चिटणीस म्हणाले. "फोटोत उठून दिसेल. डॉक्टरकीला जरा शोभा येते."

माझे आप्पा आयुष्यभर वैद्यांशी भांडले. पण मेलेल्या माणसाच्या टेबलावर कुणीही काहीही ठेवावं. मी वाद घातला नाही. चिटणीसांना वर्तमानपत्रांच्या खोलीत कुणी तरी बोलावलं म्हणून ते गेले आणि मी तिपाई उभी केली.

उत्तरेच्या खिडकीतून उजेड बेताचाच येत होता. म्हणजे भिंगाची टोपी बराच वेळ उघडी ठेवावी लागणार. मी डोक्यावर काळं फडकं ओढून घेतलं. त्या फडक्याखालची जागा मला फार आवडते. तिथे आपण एकटे असतो आणि एकटं असण्याचं कारणही असतं. समोरच्या काचेवर खोली उलटी दिसायला लागली. टेबल छताला, खुंटी खाली. मी भिंग पुढे-मागे करून चित्र नीट बसवत होतो, तेवढ्यात काचेवर, उलट्या बाकावर, एक उलटा माणूस येऊन बसला.

म्हातारा शेतकरी. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर कांबळं, काठी दोन्ही मांड्यांच्या मध्ये उभी धरलेली. मला वाटलं, ही चिटणीसांचीच अक्कल. खलाने भागलं नाही म्हणून शोभेला पेशंट आणून बसवला! पण खोटं कशाला सांगू, माणूस तिथे इतका बरोबर दिसत होता की माझा रागच गेला. बाकाच्या अगदी टोकाला बसला होता, दुसऱ्यासाठी जागा ठेवून. आमच्या बाकावर माणसं तशीच बसत.

मी फडक्यातून डोकं बाहेर काढून म्हटलं, "जरा मान वर करा. हां. आता अजिबात हलायचं नाही. मी सांगेपर्यंत."

त्याने मान वर केली. मी टोपी काढली. लग्नातले शिकले-सवरलेले लोक डोळे मिचकावतात, खोकतात, नेमक्या वेळी बायकोशी बोलतात. हा माणूस दगडासारखा बसून राहिला. श्वाससुद्धा त्याने जपून घेतला. मी टोपी बसवली आणि म्हटलं, "झालं."

"झालं व्हय?" तो म्हणाला. "मग आता सांगू का सायेब? म्या आजारी न्हाय."

"म्हणजे?"

"तुमी तपासाय लागला, मदी कसं बोलायचं म्हनून गप ऱ्हायलो. छातीचा फोटू काडत्यात त्ये मिशीन न्हवं ह्ये? आमच्या गावच्या एकाचा मोठ्या इस्पितळात काडलता. पर दुखनं माजं न्हाय. कारभारीन भाईर गाडीत हाय. तिला दम लागलाय. डाक्टरांचं जेवान झालं का बगा की जरा."

काय ऐकतो आहे ते कळायला मला थोडा वेळ लागला. म्हातारा जांबोटीच्या पलीकडचा. पावसाळाभर ओढ्या-नाल्यांनी वाट बंद, नंतर भाताची सुगी, त्यामुळे आषाढानंतर गाव सोडून तो कुठे गेलाच नव्हता. परवा थंडी पडली तशी बायकोचा दमा उसळला. दरवर्षी उसळायचा आणि दरवर्षी तो तिला बैलगाडीत घालून आप्पांकडे आणायचा. काल सकाळी निघून, वाटेत पाहुण्यांकडे रात्र काढून तो आमच्या जुन्या जागेशी आला होता. शिवणयंत्रवाल्याने सांगितलं, दवाखान्याचं सामान वाचनालयात हलवलंय. सामान गेलं तिथे डॉक्टर गेले असणार. तोही इकडे आला. पाटी ओळखीची, वास ओळखीचा, आणि खुंटीवर रुमाल. मग काय, रीतीप्रमाणे बाकावर बसला. बायकोला बाहेर धाप लागलेली आणि हा हाक न मारता बसून राहिला होता, कारण डॉक्टर आत होते.

मी धावत बाहेर गेलो. वाचनालयासमोरच्या चिंचेखाली गाडी सोडलेली होती. बाई गाडीतल्या गवतावर बसून साटीची कड दोन्ही हातांनी आवळून पुढे वाकली होती. खांदे वर उचलले जात होते, खाली पडत होते. ओठांना निळसर झाक. डॉक्टरच्या घरात वाढलेल्याला एवढं बघितलं तरी पुरतं. तिने माझ्याकडे पाहिलं, पण बोलायला तिच्याजवळ हवाच नव्हती.

मी परत आत आलो. म्हातारा जागचा हलला नव्हता. उठला की नंबर जातो, हेही त्याला ठाऊक होतं.

"आजोबा, डॉक्टर आज नाहीत," मी म्हटलं. "चला, पलीकडच्या गल्लीत एक नवीन डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नेऊ."

"न्हाईत कसं?" तो म्हणाला. "रुमाल हाय की हितं."

"बाहेरगावी गेलेत."

"बोडक्यानं?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. "तुमी नवं कंपोंडर दिसतासा. तुमाला ठावं न्हाय. रुमाल खुट्टीला असला म्हंजी डाक्टर घरात. आन् त्यांनी मला बजावून सांगितलंया, हिला दुसऱ्या कुनाची सुई टोचायची न्हाय, माज्याकडंच आनायची. मागं एकदा दुसऱ्याकडं नेलती, तर मरता मरता वाचली. म्या थांबतो. तुमी निस्तं आत जाऊन बगा."

आत म्हणजे फळ्यांच्या मागे वाचनालयाचे मोडके बाक रचून ठेवले होते. बाहेर बाईच्या छातीतली शीळ आता पडवीपर्यंत ऐकू येत होती. मी त्याचा हात धरून ओढला असता, पण त्याने काठी घट्ट रोवली होती, आणि तो बरोबरच होता. रुमाल खुंटीवर असताना आप्पांच्या बाकावरून उठून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला माणूस मी कधी पाहिलेला नाही. त्याला उठवायला एकच गोष्ट उपयोगी पडली असती. इतके दिवस मी ती टाळत आलो होतो आणि कुणी मला पकडलं नव्हतं.

"मी कंपाउंडर नाही," मी म्हटलं. "मी डॉक्टरांचा मुलगा. आप्पा गेले."

"कुठं गेले?"

"वारले, आजोबा. श्रावणात वारले."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खुंटीकडे. "आन् रुमाल?"

"रुमाल त्या दिवशीही खुंटीवरच होता. व्हिजिटहून आले, रुमाल अडकवला, आत जाऊन आरामखुर्चीत टेकले. बाकावर माणसं बसून राहिली. मी दुपारी आलो, रुमाल बघितला आणि आवाज न करता स्वयंपाकघरात जाऊन जेवून घेतलं. कुणीच हाक मारली नाही. सगळे वाट बघत राहिलो, आणि ते आधीच गेलेले होते."

एवढं बोलून मी पुढे झालो आणि खुंटीवरचा रुमाल काढला. कापड हाताला गार लागलं. तो टेबलावर खलाशेजारी ठेवला. आणि तेव्हा, रिकाम्या खुंटीकडे बघत, म्हातारा बाकावरून उठला.

पुढचं सगळं भराभर झालं. बैल जुंपत बसायला वेळ नव्हता. गाडीचं जू मी एका बाजूने धरलं, त्याने दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही दोघांनीच गाडी ओढत पलीकडच्या गल्लीत नेली. नवे डॉक्टर माझ्याहून तरुण होते. आप्पांचं त्यांच्याबद्दल बरं मत नव्हतं, तसं ते कुणाबद्दलच नव्हतं. पण त्या माणसाने बाईला बघितलं मात्र आणि जेवणाचे उष्टे हात धुऊन गाडीतच सुई टोचली. म्हातारा तोंड फिरवून बैलासारखा जुवाशीच उभा होता. सुई बाधेल अशी त्याला भीती होती. 'आप्पांना विचारतो' म्हणायची सोय आता उरली नव्हती.

फोटोचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, नाही तर राहून जाईल. तो फार चांगला आला. चिटणीस आधी कुरकुरले, मग 'वाट पाहणारा रुग्ण' असं खाली छापून मोकळे झाले. दुसरी प्लेट मी वापरलीच नाही.

हळूहळू शीळ कमी झाली. बाईने साटीवरचा एक हात सोडला, मग दुसरा. ओठांचा रंग परतला. डॉक्टरांनी पुड्या बांधून दिल्या आणि आज गाव गाठायचं नाही, इथेच कुठे तरी मुक्काम करा, म्हणून दम दिला. म्हाताऱ्याने बैल आणून जुंपले. मला वाटलं, आता हे ओळखीच्या कुणाकडे जातील आणि मी जाऊन कॅमेरा उचलीन. मला परत त्या खोलीत जायचं नव्हतं. स्टुडिओवर जायचंही जिवावर आलं होतं. तिथे वर जिना चढून गेलं की एक खाट, एक स्टोव्ह, आणि दाराजवळ खुंटीच नाही.

"तुमचं घर कुनीकडं?" म्हाताऱ्याने कासरा हातात घेत विचारलं.

"का हो?"

"समाचाराला याय पायजे. मयताचं कळल्यावर तोंड न दावता गाव सोडायचं व्हय? म्हाईत नव्हतं तवर नव्हतं."

"येऊन काय करणार, आजोबा?" मी म्हटलं. "घरी कुणी नाही. आई मागेच गेली. बायको नाही, पोरंबाळं नाहीत. कुणाला भेटणार?"

तेव्हा इतका वेळ एक शब्द न बोललेली ती बाई गाडीतून बोलली. आवाज अजून चिरका होता, एकेका शब्दाला थांबून ती म्हणाली, "तुमी हाईसा न्हवं? तुमालाच भेटायचं."

गाडीच्या पुढे चालत त्यांना स्टुडिओपर्यंत घेऊन आलो. बाईला जिना चढवणार नव्हता म्हणून आम्ही खालीच, जिन्याच्या पायरीशी बसलो. जाणारे-येणारे बघत होते. म्हाताऱ्याने डोक्याचं मुंडासं सोडून मांडीवर ठेवलं. नुकतंच त्याने सगळं माझ्या तोंडून ऐकलं होतं. तरी त्याने विचारलं, कारण बसल्यावर विचारायचं असतं.

"कसं झालं?"

आणि मी पहिल्यापासून सांगायला लागलो.